दिवाळीच्या सुटींतील मुलांचा हस्तकला-मेळावा

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मुलें घरीं आलीं कीं वडील माणसांपुढें एक जुनाच प्रश्न उभा राहतो. स्वयंपाकघरांत अनारशांचें पीठ मुरत असतें, चकलीची भाजणी दळून यावयाची असते, बैठकीच्या भिंतींना रंग चालू असतो. आणि नेमकीं ह्याच वेळीं घरचीं तीन व शेजारचीं सात अशीं दहा मुलें एकदम मोकळीं होतात. 'बाहेर जाऊन खेळा' हें एक उत्तर झालें. मोबाइल हातांत देऊन गप्प बसविणें हें दुसरें. आणि हल्लीं बहुतेक सुशिक्षित घरांनीं, मनांतून लाजत कां होईना, तेंच पत्करलें आहे. तिसरें उत्तर यजमानीणबाईला थोडें कष्टाचें पडतें. तें म्हणजे ह्या मुलांना एके ठिकाणीं जमवून दिवाळीचींच कामें त्यांच्या हातीं सोंपविणें: पणत्या त्यांनीं घडवावयाच्या, वाती त्यांनीं वळावयाच्या आणि आकाशकंदीलही त्यांनींच बांधावयाचा.

ह्यावर कोणीही म्हणेल कीं पणत्या बाजारांत डझनानें मिळतात, आकाशकंदील तर घडी उलगडून टांगतां येतो, मग हा खटाटोप कशासाठीं? प्रश्न रास्त आहे. आकाशकंदील विकत आणल्यानें दिवाळी अडत नाहीं. परंतु त्या घरांतील मुलाचा दिवाळीशीं संबंध मग एवढाच उरतो, कीं त्यानें दुकानांत बोट दाखवावें, घरीं खावें आणि रस्त्यावर फटाके उडवावे. सणाच्या तयारींत त्याचा वांटा कोणता, ह्याचें उत्तर घरानें ठेवलेलें नसतें.

वऱ्हाडांत ह्या तऱ्हेच्या मेळाव्याची कल्पना मुळींच नवी नाहीं. वाशीम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा ह्या बाजूच्या घरांतून भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाई मांडीत आल्या आहेत. भुलोजी व भुलाबाई म्हणजे शंकर-पार्वतीच. मातीची जोडमूर्ति पाटावर बसवावयाची, टिपऱ्यांच्या तालावर गाणीं म्हणावयाचीं, आणि शेवटीं झांकलेला डबा खुळखुळवून आंत कोणती खिरापत आहे तें ओळखावयाचें. डबा वाजला तर शेंगदाणे, नाहीं वाजला तर शिरा. गोड कीं तिखट, तळलेलें कीं भाजलेलें, असे प्रश्न करीत करीत मुली उत्तरावर येतात. कोजागरीच्या रात्रीं ज्वारीच्या पांच धांड्यांचा मखर करून त्याखालीं भुलाबाई ठेवितात. मुलांची मेजवानी कशी असावी ह्याचा ह्याहून चांगला नमुना शोधून सांपडणार नाहीं: ठरलेली वेळ, आळीपाळीनें प्रत्येकीचें घर, हातानें कांहीं मांडणें, कांहीं गाणें, कांहीं ओळखणें, आणि खाऊ अगदीं शेवटीं. उणें एवढेंच, कीं मुलगे दाराशीं घुटमळत राहतात. दिवाळीचा मेळावा हा भुलाबाईचाच धाकटा भाऊ समजावा आणि त्यांत मुली व मुलगे दोघांनाही घ्यावें.

मुलें बारा असावींत. हा आंकडा उगाच सांगितलेला नाहीं. त्याचें कारण आकाशकंदिलापाशीं कळेल. वय सात ते तेरा. त्याहून लहान भावंडें येणारच. त्यांना कापूस निवडण्यास बसवावें, पण मोजदादींत धरूं नये.

बोलावणें कोणाला, हा भाग मात्र यजमानीणबाईनें विचार करून ठरविण्याचा आहे. सहजासहजीं जीं नांवें सुचतात तीं आपल्याच आळींतलीं, आपल्याच बेताच्या घरांतलीं असतात. धुणेंभांडीं करणाऱ्या बाईचा मुलगा, गांवाबाहेरच्या शेतकऱ्याची मुलगी, हीं आठवतात तीं मागाहून, आणि तींही 'आलीं तर येऊं द्या' अशा बेतानें. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला. कापूस-सोयाबीनचा आणि बहुतांशीं पावसावर विसंबलेला असा हा मुलूख आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं खास मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वाशीम होता. सोयाबीनचा पैसा हातीं यावा आणि त्यावर दिवाळी व्हावी, असें कितीएक घरांचें गणित असतें. ज्या वर्षीं परतीच्या पावसानें उभ्या शेंगा काळ्या पडतात, त्या वर्षीं तें गणित चुकतें. अशा घरचें मूल येईल तें रिकाम्या हातानें. म्हणून वर्गणी नको, 'येतांना रंगपेटी आणावी' ही चिठ्ठी नको, आणि भेटवस्तूंची देवघेव तर नकोच नको. सर्व सामान यजमानांच्या घरचें असावें, आणि तें इतकें स्वस्त असावें कीं पुढच्या वर्षीं दुसऱ्या कोणत्याही घराला हा मेळावा भरवितां यावा.

आणखी एक घर असतें. ज्या घरचें माणूस वर्षभरांत गेलें आहे तेथें त्या वर्षीं सण करीत नाहींत. फराळ शेजारून येतो. त्या घरच्या मुलाला पाठवावें कीं नाहीं ह्या विचारांत त्याची आई पडते, आणि बहुधा 'नको' म्हणते. चिठ्ठीनें किंवा फोननें तिचें मन वळत नाहीं. यजमानीणबाईनें स्वतः जावें, घटकाभर बसावें, आणि सांगावें कीं तेथें फटाके नाहींत, नवे कपडे नाहींत, पंगत नाहीं. मुलें माती कालवणार आहेत, त्याला पाठवा. माती कालवणें हा कांहीं सण नव्हे. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घरांतली शांतता मोठ्यांना वाटतें त्याहून अधिक कळत असते, आणि तीन तास हातांना काम मिळणें ही त्याला त्या वर्षीं इतरांपेक्षां जास्त हवी असलेली गोष्ट असते.

मेळावा एका दिवसांत उरकत नाहीं, कारण माती कोणाची घाई सोसत नाहीं. पहिली बैठक दसऱ्यानंतरच्या एखाद्या रविवारीं, मातीसाठीं. दुसरी वसुबारसेच्या एक-दोन दिवस आधीं, वाती आणि आकाशकंदील ह्यांसाठीं. मध्यें परीक्षेचे दिवस येतात खरे. तेवढा वेळ पणत्या वाळण्यास व भाजण्यास पुरतो.

वाशीमकडची जमीन काळी. लाव्हारसाच्या काळ्या दगडाची झीज होऊन ती झाली आहे, आणि तिच्यांत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें अत्यंत बारीक कणांचें द्रव्य असतें. पाणी शोषलें कीं तें फुगतें, वाळलें कीं आकसतें. उन्हाळ्यांत शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या ह्यामुळेंच. नुसती शेतची माती मळून केलेली पणती हातांत असतांना लोण्यासारखी गोंडस दिसते, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिचे तीन तुकडे झालेले असतात. सात वर्षांच्या मुलाचा उत्साह संपण्यास एवढें पुरे. म्हणून माती आधीं तयार करून ठेवावी. तळ्यांतला किंवा नाल्याकांठचा गाळ आणून वाळवावा, कुटावा, पिठाच्या जुन्या चाळणीनें चाळावा आणि रात्रभर भिजत घालावा. सकाळीं मळतांना चार वांटे मातीला एक वांटा बारीक वाळू किंवा चाळलेली राख मिसळावी. वाळू-राख आकसत नाहीं. ती मातीच्या कणांमध्यें बसून त्यांची ओढ कमी करते आणि पाण्याला बाहेर पडण्यास वाट ठेवते. कुंभार ह्याच कामासाठीं राख किंवा घोड्याची लीद मातींत घालीत आले आहेत. त्यांच्याकडूनच मळलेली माती विकत घेतली तर काम सोपें होतें, पण मग मुलांना तिचें रहस्य कळत नाहीं. त्यापेक्षां दोन गोळे ठेवावे, एक नुसत्या काळ्या मातीचा आणि एक मिसळलेल्या मातीचा. प्रत्येकाची एकेक चकती थापून शेजारीं शेजारीं वाळत टाकावी. जी फुटायची ती सर्वांसमक्ष फुटते, आणि व्याख्यानाची गरज राहत नाहीं.

पणती थापतांना मुलें दोन चुका करतात. कांठ पातळ आणि बूड जाड ठेवितात; मग कांठ आधीं वाळून आकसतो, बूड ओलेंच असतें, आणि दोहोंच्या ओढाताणींत भेग पडते. दुसरी चूक चोंच मागाहून चिकटविण्याची. चोंच कांठालाच चिमटून काढावी, वेगळी लावूं नये. वाळत घालावयाचें तें उन्हांत नव्हे. सावलींत, आणि पहिला दिवस ओलसर फडक्याखालीं. पुरते आठ दिवस.

कच्ची पणती तेल पिऊन टाकते आणि पाणी लागलें कीं विरते, म्हणून भाजणें आलेंच. तें घरीं गॅसवर करण्याच्या भरीस पडूं नये. मातींत राहिलेल्या ओलाव्याची वाफ होते, तिला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाहीं कीं पणती फटाक्यासारखी उडते. कुंभाराच्या आव्यांत उष्णता सावकाश चढते व सावकाश उतरते. दिवाळीपूर्वीं त्याचा आवा लागतोच. त्यांत बारा-पंधरा वेड्यावांकड्या पणत्यांना जागा देण्यास तो सहसा नाहीं म्हणत नाहीं, फक्त त्याची मजुरी चोख द्यावी. शक्य तर मुलांना आवा दाखविण्यास न्यावें. काळी गेलेली पणती तांबडी होऊन बाहेर येते, हें पाहून मुलांना मोठें नवल वाटतें. मातींतील लोहाचा तापलेल्या हवेशीं संयोग होऊन हा रंग येतो. लोखंडाच्या गंजाचा रंग आठवून द्यावा म्हणजे पुरे. प्रत्येक पणतीच्या बुडाशीं वाळण्यापूर्वींच काडीनें नांवाचें अक्षर कोरून ठेवावें. नाहीं तर आव्यांतून आल्यावर एका देखण्या पणतीचे चार मालक निघतात, आणि फुटक्या पणतीला कोणीच नसतो.

पहिल्या बैठकींत वेळ उरला तर ज्वारीचे धांडे द्यावे. पूर्वीं ह्या भागांत खरिपाची ज्वारी घरोघर असे, आणि गुराखी पोरें धांड्यांचे बैल, गाड्या व चष्मे करीत. वरची सोललेली साल म्हणजे खिळे, आंतलें पांढरें भेंड म्हणजे लांकूड. डिंक नको कीं दोरा नको. आतां शिवारांत सोयाबीननें ज्वारीची जागा घेतली आहे आणि शहरांतल्या मुलाला धांडा म्हणजे काय हें सांगावें लागतें. एखाद्या शेतावरून पेंढीभर मागवावे. सालीला पात्यासारखी धार असते, तिनें बोट कापतें, तेव्हां सोलण्याचें काम मोठ्यांनीं करून द्यावें.

दुसऱ्या बैठकीचा आरंभ कापसानें करावा. १८६१ ते १८६५ ह्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां तिकडचा कापूस विलायतेस मिळेना, तेव्हां तेथील गिरण्यांचें लक्ष वऱ्हाडाकडे वळलें. पुढें ह्याच कापसासाठीं मूर्तिजापूरहून कारंजावरून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी धांवूं लागली, जिला लोक शकुंतला म्हणत. अशा प्रांतांतल्या मुलाला आज कापूस म्हटला कीं औषधांच्या दुकानांतली निळ्या कागदाची गुंडाळी आठवते. बोंडांतून नुकताच वेचलेला कापूस परातींत ठेवून मुलांना बोटांनीं सरकी काढूं द्यावी. मग एका भांड्यांत पाणी घेऊन त्यांत एक पुंजका ह्या कापसाचा आणि एक औषधी कापसाचा टाकावा. औषधी कापूस पाहतां पाहतां भिजून बुडतो. शेतचा कापूस कोरडाच तरंगत राहतो. त्याच्या तंतूंवर मेणासारखा नैसर्गिक लेप असतो. औषधी कापूस क्षारांत उकळून तो काढून टाकलेला असतो. तेलाशीं मात्र त्या लेपाचें सख्य आहे, म्हणून शेतच्या कापसाची वात तेल झटकन पिते. वात फार घट्ट वळली तर तंतूंमधल्या ज्या बारीक फटींतून तेल वर चढतें त्याच मिटतात. सैल ठेवली तर ज्योत धुरकट होते. मधली वळ हाताला चार-सहा वातींनंतर आपोआप सांपडते.

आतां आकाशकंदील. कार्तिकांत उंच जागीं दिवा टांगण्याचा प्रघात जुना, आणि वेळूच्या कामट्यांचा व पतंगी कागदाचा कंदील हें त्याचें घरगुती रूप. पांच टोकांची चांदणी मुलांना आवडते, पण मेळाव्याला ती उपयोगी नाहीं. ती एका हाताचें काम आहे. मेळाव्याला घ्यावा तो जुन्या घाटाचा, चौकोन-त्रिकोणांचा कंदील. त्याची मांडणी पुष्कळांनीं पाहिलेली असते, पण ती किती सोपी आहे हें क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें.

सारख्या लांबीच्या चोवीस कामट्या घ्याव्या. नऊ इंच, म्हणजे साधारण वीतभर, लांबी ठीक होते. बुरुडाकडून तासून आणाव्या आणि पॉलिशकागदानें घासाव्या, नाहीं तर कुसळें भरतात. चार-चार कामट्यांचे कोपरे दोऱ्यानें बांधून सहा चौकोन करावे. बारा मुलांच्या सहा जोड्या, प्रत्येक जोडीचा एक चौकोन. एक चौकोन जमिनीवर आडवा ठेवावा, हें बूड. त्याच्या चार कोपऱ्यांना बाकीच्यांपैकीं चार चौकोनांचा एकेक कोपरा बांधावा, म्हणजे ते चौकोन शंकरपाळ्यासारखे कोपऱ्यावर उभे राहतील. शेजारच्या शंकरपाळ्यांचे बाजूचे कोपरे एकमेकांस बांधावे. वर निघालेल्या चार टोकांना सहावा चौकोन बांधला कीं सांगाडा झाला. गांठी मोजाव्या: बरोबर बारा. ह्यांत त्रिकोण कोणीही केलेला नसतो, तरी चौकोनांच्या मधोमध आठ त्रिकोण आपण होऊन उघडलेले दिसतात. हें दिसतांच मुलें मोजूं लागतात, आणि त्यांना मोजूं द्यावें. आर्किमिडीजच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या तेरा घनाकृतींपैकीं ही एक आहे. वरचा व खालचा चौकोन उघडा ठेवावयाचा. म्हणजे कागद लावण्याच्या जागा राहिल्या बाजूचे चार चौकोन आणि आठ त्रिकोण मिळून बारा. मुलें बारा कां हवींत, तें येथें कळतें. एकेकाची एक गांठ आणि एकेकाचा एक कागद.

पुढें एक फजितीचा क्षण येतो, त्याची यजमानांनीं तयारी ठेवावी. सांगाडा उचलला कीं तो ताठ राहत नाहीं. वरच्या चौकोनावर जरा दाब पडला कीं पीळ घेत आंत मिटूं लागतो. मुलांचीं तोंडें उतरतात, आणि एखादे काका तार व पक्कड घेऊन पुढें सरसावतात. त्यांना थांबवावें. तीन ठराविक लांबीच्या काठ्यांचा त्रिकोण एकाच तऱ्हेचा होतो, म्हणून तो हलत नाहीं. चार काठ्यांचा चौकोन मात्र कलून कितीही चपटा होऊं शकतो. पुलांच्या लोखंडी कैच्यांत त्रिकोणच कां दिसतात, ह्याचें कारण हेंच. ह्या आकृतीचें असें पीळ घेऊन मिटणें अमेरिकेंतील बकमिन्स्टर फुलर ह्या शिल्पज्ञाच्या मोठ्या अभ्यासाचा विषय होता. तेव्हां मुलांनींही तो पांच-सात वेळां मिटवून-उघडून पाहिला तर वेळ वायां गेला असें समजूं नये. मग वरच्या चौकोनांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक आडवी कामटी बांधावी, ती टांगण्यासाठीं. खालच्यांत तशीच एक, दिव्यासाठीं. बाजूच्या चार चौकोनांवर कागद ताणून चिकटविला कीं त्यांचें कलणें बंद होतें. मघां जो सांगाडा लोळत होता तो खळ वाळल्यावर हातांत टणक लागतो. पातळ पतंगी कागदांत एवढें बळ असतें, हें मुलांना सांगून पटत नाहीं. हाताला लागलें म्हणजे पटतें.

खळ मैद्याची करावी, घरच्या गॅसवर. कसर लागूं नये म्हणून तींत मोरचूद घालण्याची जुनी चाल आहे. तें विषारी असतें आणि मुलांचीं बोटें तोंडांत जातात, म्हणून घालूं नये.

ह्या कामांतला खरा कसोटीचा प्रसंग निराळाच असतो. सहा चौकोनांपैकीं एकाची कामटी बोटभर आंखूड निघते, आणि तें कळतें तें सर्व गांठी बांधून झाल्यावर, सबंध कंदील एका अंगाला कलला म्हणजे. कोणाची कामटी, हें अकरा मुलांना तत्क्षणीं कळतें. तो चौकोन सोडावयाचा तर चार गांठी सोडाव्या लागतात, त्याही दुसऱ्यांनीं बांधलेल्या. त्या वेळीं यजमानीणबाईच्या तोंडून काय निघतें ह्यावर तो मेळावा त्या एका मुलाच्या मनांत कसा राहावयाचा हें ठरतें. 'दे इकडे, मीच करतें' हे शब्द अगदीं प्रेमानें उच्चारले तरी त्यांचा अर्थ तो मुलगा बरोबर समजतो. आरंभींच एक मापकाठी मध्यें ठेवलेली असावी. ती उचलून त्याच्या हातीं द्यावी, आणखी कांहीं बोलूं नये. आंखूड कामटी त्यानेंच शोधावी, नवी त्यानेंच कापावी, आणि ज्यांच्या गांठी सुटल्या त्यांनीं त्या पुन्हां बांधाव्या. दहा मिनिटें अधिक लागतील. त्या दहा मिनिटांत बाकीचीं मुलें कुरकुरतील, आणि कुरकुरतां कुरकुरतां दोघे-तिघे दोरा धरण्यास पुढें होतील.

मोठ्यांचा हात आखडता असणें ही गोष्ट बोलण्यास सोपी व करण्यास फार अवघड आहे. कित्येक घरीं अशा मेळाव्याचा शेवट बारा सुबक, सारख्या वस्तूंत होतो; त्यांचीं छायाचित्रें निघतात; आणि मुलें मात्र तासाभरापूर्वींच अंगणांत पळालेलीं असतात, कारण काम माम्या व आत्यांनीं उरकलेलें असतें. हाताचें काम शिक्षणांत आणावें हें जगांतील विचारी माणसांनीं कांहीं सुबक वस्तूंसाठीं सांगितलें नव्हतें. जर्मनींत फ्रोबेलनें १८३७ सालीं काढलेल्या बालशाळेंत घड्या, विणकाम व मातीकाम आलें. फिनलंडांत १८६६ पासून खेड्यांतल्या शाळांतून हस्तोद्योग सक्तीचा झाला. आणि वाशीमपासून फार दूर नसलेल्या वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्यें भरलेल्या परिषदेंत गांधीजींनीं शिक्षणाचा पायाच हस्तोद्योगावर घालण्याचें सुचविलें. ताराबाई मोडकांचें संसाराचें वास्तव्य कांहीं काळ अमरावतीस होतें; त्यांनीं पुढें १९४५ सालीं बोर्डीस व नंतर कोसबाडास बालशिक्षणाचें कार्य उभें केलें, तेव्हां परदेशी महाग साधनांच्या जागीं बिया, पानें, दगड, माती हींच मुलांपुढें ठेविलीं. वेळूची कामटी आणि नाल्याचा गाळ ह्यांना कमी लेखण्याचें कारण नाहीं.

खाण्याचें थोडक्यांत. काम चालू असतां कांहीं देऊं नये. खळीचे हात आणि चिवडा ह्यांचें जमत नाहीं. शेवटीं हात धुवून मुरमुऱ्यांचा चिवडा, गरम आलूबोंडे आणि एकेक फळ. दिवाळीचा फराळ अजून आठ दिवस पोटांत जावयाचाच आहे, तो येथें नको. भुलाबाईची खिरापत ओळखण्याची पद्धत मात्र अवश्य ठेवावी: एक झांकलेला डबा, बारा प्रश्न, आणि उत्तर देणाऱ्यानें तो सर्वांना वांटावयाचा.

कंदिलांत तेलाचा दिवा ठेवूं नये. पतंगी कागद आणि ज्योत ह्यांमध्यें वीतभर सुद्धां अंतर नसतें. कमी उष्णतेचा लहान विजेचा दिवा खालच्या आडव्या कामटीला बांधावा. पणत्या संध्याकाळीं लावतांना मुलांच्या अंगावर सुती कपडे असावेत, झुळझुळीत कृत्रिम धाग्याचे नसावेत, आणि एक वडील माणूस पाण्याची बादली जवळ घेऊन तेथें बसलेलें असावें. उभें नव्हे, बसलेलें, कारण उभें असलेलें माणूस दुसऱ्या कामाला निघून जातें.

पणत्या ज्याच्या त्याच्या घरीं जातील. कंदील एकच आहे आणि मुलें बारा, तेव्हां तो कोणाकडे लागावयाचा हा वाद ठरलेला. यजमानांनीं तो स्वतःच्या दारीं टांगूं नये, एवढें पथ्य पाळलें तर वाद अर्धा मिटतो. चिठ्ठ्या टाकणें हा एक मार्ग. पण त्यांत अकरा जण खट्टू होतात. आळीच्या तोंडाशीं, इमारतीच्या फाटकावर किंवा सर्वांच्या येण्याजाण्याच्या जिन्याशीं तो लावावा. तेथून त्याचा उजेड सगळ्यांच्या वाटेवर सारखा पडतो, आणि ज्या घरीं ह्या वर्षीं कंदील लागावयाचा नसतो त्या घरच्या मुलालाही येतां-जातां आपला कागद ओळखतां येतो. टांगण्याच्या वेळीं बाराही मुलें हजर असावींत. दोरी ओढण्यास, ज्याची कामटी आंखूड निघाली होती त्याला पुढें करावें; मात्र कां, हें कोणी बोलून दाखवूं नये.

त्रिपुरी पौर्णिमा झाली कीं कंदील उतरावा. कागद तोंवर दंवानें व उन्हानें विटलेला असतो, तो पाण्यानें भिजवून काढून टाकावा. दोन आडव्या कामट्या आणि बारा गांठी सोडल्या म्हणजे सहा चौकोन सुटे होतात. ते एकावर एक ठेवून कपाटामागें सरकविले तर बोटभर जागा लागते. प्रत्येक चौकोनावर ज्या जोडीनें तो बांधला तिचीं नांवें शिसपेन्सिलीनें लिहून ठेवावीं. पुढच्या वर्षीं दुसऱ्या घरीं बैठक भरेल तेव्हां तेवढ्यांवरूनच, कोण गांव सोडून गेलें आणि कोणाला नव्यानें बोलवावयाचें, हें ठरवितां येतें.